चित्रासोबत त्याची नोंद : ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंटची वाटचाल

विसावं शतक संपता संपता पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. सूक्ष्मदर्शकावरची फिल्म जाऊन तिथे डिजिटल कॅमेरा आला होता. जिवंत पेशीचं विभाजन तासन्‌तास, वेगवेगळ्या खोलींवर, दोन-तीन फ्लुरोसंट रंगांत टिपता येऊ लागलं. एकेका प्रयोगातून हजारो प्रतिमा निघू लागल्या. पण प्रत्येक कंपनीचा सूक्ष्मदर्शक त्या आपल्या खास फाइलीत साठवी आणि ती फाइल त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडे. दुसरीकडे न्यायची तर साधी टिफ फाइल करून घ्यायची. त्यात चित्र येई. भिंग कोणतं होतं, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, प्रकाशाची तरंगलांबी काय, दोन प्रतिमांमध्ये किती वेळ गेला, हे मात्र बऱ्याचदा वाटेतच गळून पडे. आणि मायक्रॉनचा हिशेब गेला की त्या चित्रावरून काही मोजता येत नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात जेसन स्वेडलो यांचा गट पेशीविभाजनात गुणसूत्रं कशी वाटली जातात याचा अभ्यास करत होता, त्यामुळे ही अडचण त्यांच्या रोजच्या कामातली होती. 2000 साली त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीचे पीटर सॉर्गर आणि इल्या गोल्डबर्ग यांच्यासह ‘ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट’, म्हणजेच ओएमई, हा प्रकल्प सुरू केला.  

प्रकल्पाचं पहिलं मोठं काम पडद्यावर दिसणारं नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून निघालेली प्रतिमा हे एक मोजमाप आहे, म्हणून ते कसं घेतलं याचा तपशील तिच्यासोबत कायम राहिला पाहिजे, ही भूमिका या मंडळींनी 2003 साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. 2005 साली त्या तपशिलाचा रीतसर आराखडा आणि तो लिहिण्याची एक्सएमएल पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली. उपकरण, भिंग, प्रकाशस्रोत, रंगवाहिनी, खोली, वेळ या प्रत्येकाची जागा त्यात ठरलेली होती. पुढे सर्व्हर बदलले, भाषा बदलल्या. पण सगळं उभं राहिलं ते या आराखड्यावर. माझ्या मते प्रकल्पाचं सर्वांत टिकाऊ काम हेच.

सुरुवातीचा सर्व्हर पर्ल भाषेत होता. नंतर डंडीत जावामध्ये नव्याने बांधणी झाली आणि ‘ओमेरो’ जन्माला आलं. प्रतिमा आणि त्यांचे तपशील मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायचे, नोंदी डेटाबेसमध्ये करायच्या, आणि संशोधकाने आपल्या संगणकावरून किंवा ब्राउझरमधून त्या पाहायच्या, निवडायच्या, मोजायच्या, सहकाऱ्याला दाखवायच्या, अशी ही व्यवस्था. ओमेरोचे प्रोग्रामर हे स्वेडलो यांच्या संशोधनगटाचाच भाग होते. प्रयोग करणारा आणि आज्ञावली लिहिणारा एकाच गटात असले की गरज कागदावर उतरवून कुणाकडे धाडावी लागत नाही. संशोधक नेमका कुठे अडतो हे समोरच दिसतं. ओमेरोच्या रचनेतला शहाणपणा इथूनच आला असं मला ठामपणे वाटतं.

पण अशा गटाचे पगार कुठून द्यायचे? वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनच्या जैवविज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्थांनी ओएमईला दीर्घकाळ हात दिला. तरी संशोधनाचं अनुदान ठरावीक मुदतीचं असतं आणि ते मिळतं नव्या शोधासाठी. सॉफ्टवेअरला लागते ती देखभाल. दोष दुरुस्त करणं, नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं, माहितीपत्रकं लिहिणं यांतून शोधनिबंध निघत नाहीत, आणि विद्यापीठात बढती मिळते ती शोधनिबंधांवर. कितीतरी चांगली संशोधन-सॉफ्टवेअरं, ती लिहिणारा विद्यार्थी पीएचडी करून बाहेर पडताच, ओस पडली. या पार्श्वभूमीवर प्रोग्रामरांचा एक गट वर्षानुवर्षं टिकवून धरणं ही मला ओमेरोच्या आज्ञावलीइतकीच मोठी निर्मिती वाटते.

हे सॉफ्टवेअर उद्योगांपर्यंत नेण्यासाठी 2005 साली ‘ग्लेन्को सॉफ्टवेअर’ ही कंपनी स्थापन झाली. मूळ सॉफ्टवेअर मुक्त स्रोत राहिलं, आणि उद्योगांना लागणारे परवाने व सेवा कंपनी देऊ लागली. पर्किनएल्मरची ‘कोलंबस’ ही प्रणाली ओमेरोवरच बांधलेली होती. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने 2008 साली लेखांसोबत मूळ प्रतिमा पाहण्याची सोय वाचकांना दिली, तीही ओमेरोच्या आधारानेच.

ओएमईच्या पसाऱ्यातलं सर्वांत चिवट काम बहुधा बायो-फॉरमॅट्सचं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात केविन एलिसेरी यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेली ही जावा लायब्ररी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली वाचते आणि त्यांतला तपशील ओएमईच्या आराखड्यात बसवते. अनेक कंपन्या आपल्या फाइलींची रचना जाहीर करत नसत. मग संशोधकांनी पाठवलेल्या नमुना फाइली बाइट-बाइट तपासून कोणता आकडा कशाचा हे शोधून काढायचं. कंपनीने नवी आवृत्ती आणली की पुन्हा तेच. अशा रीतीने दीडशेहून अधिक प्रकारच्या फाइली वाचता येऊ लागल्या. पुण्या-मुंबईतला एखादा विद्यार्थी ‘फिजी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लायकाची किंवा झाइसची फाइल उघडतो, तेव्हा आत राबते ती हीच लायब्ररी.

ओमेरो आधी प्रत्येक प्रतिमेतले पिक्सेल वाचून आपल्या साठ्यात वेगळे ठेवत असे. त्यामुळे एकच माहिती दोनदा साठवली जाई. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने मूळ फाइल आहे तशीच ठेवून बायो-फॉरमॅट्सच्या मदतीने ती थेट वाचायला सुरुवात केली. पडद्यासमोर बसलेल्या संशोधकाला फरक जाणवलाही नसेल. डिस्कची सोय करणाऱ्यांना आणि मूळ पुरावा जपू पाहणाऱ्यांना तो फार मोठा होता.

मग इतरांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करण्याचं काम आलं. डंडी आणि केंब्रिजजवळची युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट यांनी इतर सहकाऱ्यांसह उभारलेल्या ‘इमेज डेटा रिसोर्स’ची माहिती 2017 साली ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रसिद्ध झाली. मानवी पेशीतली सुमारे 21,000 जनुकं एकेक करून दाबून विभाजनावर होणारा परिणाम टिपणाऱ्या ‘मायटोचेक’ प्रकल्पाच्या चित्रफिती त्यात आहेत. ‘तारा ओशन्स’ मोहिमेने समुद्रातून गोळा केलेल्या सूक्ष्मजीवांच्या प्रतिमाही आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत कोणतं जनुक दाबलं आणि पेशीचं काय झालं, हे समान शब्दांत नोंदवलेलं असल्यामुळे एका जनुकाचं नाव टाकून अनेक अभ्यासांतल्या प्रतिमा एकत्र शोधता येतात. ज्या प्रयोगशाळेकडे महागडा सूक्ष्मदर्शक नाही, तिलाही त्या पुन्हा तपासून स्वतःचा प्रश्न विचारता येतो.

आता एकेका प्रयोगाची माहिती टेराबाइटमध्ये जाते आणि ती अख्खी उतरवून घेणं शक्य नसतं. 2021 साली या गटाने आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या नव्या पद्धतीत, पुढे ‘ओएमई-झार’ म्हणून रुळलेल्या, प्रतिमेचे छोटे तुकडे करून ते अनेक पातळ्यांच्या बारकाव्यांत ठेवले जातात. पाहणाऱ्याला हवा तेवढाच तुकडा इंटरनेटवरून येतो. तिचे नियम उघड चर्चेतून ठरतात. त्या चर्चेत विद्यापीठांतली मंडळी आहेत, तशीच कंपन्यांतलीही. त्याचवेळी बायो-फॉरमॅट्सच्या आवृत्त्याही निघत राहिल्या आहेत, कारण जगभरच्या प्रयोगशाळांच्या हार्ड डिस्कवर वीस-वीस वर्षांपूर्वीच्या फाइली पडून आहेत आणि त्या वाचता आल्याच पाहिजेत.