हौशी विमान-प्रतिकृती : नोंदणी आणि मुक्त उड्डाण (बारामती–इंदापूर)

छंद, शिक्षण, संशोधन किंवा चाचणी एवढ्याच हेतूने नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे, एकूण २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाचे दूरनियंत्रित विमान भारतीय ड्रोन नियम, २०२१ नुसार प्रतिकृती ठरते. तिला प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे त्या बनावटीच्या योग्यतेचा शासकीय दाखला, लागत नाही. मात्र ही सूट नोंदणीची नव्हे, त्यामुळे सरकारी नोंदणी-मंचावर नोंद करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे हा सर्वसाधारण नियम प्रतिकृतीलाही लागू होतो. २ किलोग्रॅमपर्यंतचे विमान बिगर-व्यावसायिक कारणासाठी उडवणाऱ्यास वैमानिक-प्रमाणपत्राची गरज नसते.

मुक्त उड्डाणाची गोष्ट वेगळी आहे. दोरीने ओढून किंवा पिळलेल्या रबराच्या जोरावर वर चढवलेले हलके विमान एकदा सुटले की त्यावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही. नियमांतील मानवरहित विमानाची व्याख्या स्वयंचलित वा दूरनियंत्रित उड्डाणावर बेतलेली असल्याने असे विमान तिच्यात नीट बसत नाही, परंतु म्हणून ते कायद्याबाहेर आहे असे मानणे धोक्याचे ठरेल, कारण १९३४ च्या विमान अधिनियमानेही पतंग आणि ग्लायडर यांना विमानाच्याच व्याख्येत धरले होते.

बारामती परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तेथील विमानतळ अनियंत्रित गणला जात आला आहे, म्हणजे तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाची नियमित सेवा नसून हालचालींची माहिती मुख्यतः प्रशिक्षण संस्थांकडून दिली जात असे, आणि शिकाऊ वैमानिकांची विमाने भोवतालच्या शिवारावरून सतत ये-जा करतात. २५ जुलै २०२२ रोजी असे एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले होते. नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच, तर ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवर पिवळे क्षेत्र, म्हणजे पूर्वपरवानगीचे आकाश, सुरू होते. दूरनियंत्रित प्रतिकृती त्याच्या सीमेवरून वळवता येते. मुक्त विमान मात्र सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात तीन मिनिटांत सुमारे ९०० मीटर वाहत जाते, म्हणून ते सोडण्याची जागा वाऱ्याची दिशा पाहून पट्ट्यापासून पुरेशी दूर निवडावी आणि ठरलेल्या वेळी शेपटीचा पंख उचलून विमान सावकाश खाली आणणारी कालयंत्रणा त्यात अवश्य बसवावी.