इसब नव्हे, पॅजेट

स्तनाच्या बोंडाला खाज सुटते, कातडी लाल होऊन पापुद्रे निघतात, कधी पाणी पाझरते. इसब समजून महिनोन्‌महिने मलम लावले जाते. लावणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण दिसते ते इसबासारखेच; पण तो स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार, पॅजेट रोग, असू शकतो. स्तनाच्या कर्करोगांत शंभरातले एक ते तीनच रुग्ण या पॅजेट रोगाचे असतात.

१८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सर्जन जेम्स पॅजेट यांनी सुमारे पंधरा स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आधी असा चट्टा, मग वर्ष-दोन वर्षांत त्याच स्तनात कर्करोग. चट्टा मात्र त्यांनी कर्करोगाची नुसती नांदी मानला. बोंडाच्या कातडीतच फिकट, मोठाल्या कर्कपेशी शिरलेल्या असतात, हे नंतर सूक्ष्मदर्शकाने दाखवले.

म्हणूनच या रोगाचे निदान पॅथॉलॉजिस्टच्या हातात आहे. मुंबईत अशी सोय असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी केली, आणि १९५२ मध्ये सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्रही त्यांच्याच हाताखाली वाढले. पुढे ही संशोधन संस्था २००२ मध्ये पनवेल तालुक्यातल्या खारघरला साठ एकरांवर आली. तीच अ‍ॅक्ट्रेक.

उपचार मात्र कैक वर्षे एकच होता. अमेरिकेतील सर्जन हॉलस्टेड यांच्या पद्धतीने अख्खा स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकायच्या. बर्नार्ड फिशर यांच्या १९८५ च्या चाचणीने छोट्या गाठींत स्तन राखून किरणोपचार देणेही तितकेच तारक असल्याचे दाखवले. मग पॅजेटमध्येही, रोग मध्यभागापुरताच असेल तर, बोंड आणि त्यामागचा भाग काढून किरणे देणे रूढ झाले. आत दूरवर गाठ असल्यास पूर्ण स्तन काढावा लागतो. बहुतेक रुग्णांत स्तनाच्या आतही कर्करोग सापडतो, म्हणून मॅमोग्राफी आधी होते. ती स्वच्छ आली तरी चट्टा बरा होत नसेल तर बोंडाच्या कातडीचा तुकडा काढून तपासतात. त्याच तुकड्यावर हर-टू प्रथिनाची चाचणी होते. पॅजेटमध्ये ते बहुधा जास्त आढळते. आत पसरणारी गाठ असून हे प्रथिन वाढलेले असेल तर ट्रास्टुझुमॅब देतात. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या या महागड्या औषधाची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये बाजारात आली.