महिला ‘दीन’ कुणी छापला?

8 मार्च जवळ आला, की गावोगावच्या फलकांवर आणि स्थानिक पेपरातल्या शुभेच्छांच्या जाहिरातींत ‘जागतिक महिला दीन’ हटकून दिसतो. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारी, गरीब. एक वेलांटी इकडची तिकडे झाली आणि सत्काराची दयाच झाली! आपण हसतो, फोटो काढून चार जणींना पाठवतो आणि विसरून जातो. आज आम्ही त्या वेलांटीमागची गोष्ट सांगणार आहोत. पेपरातल्या चुका पूर्वी कोण धरायचं, तो माणूस गेला कुठे, आणि ज्याला आपण चूक म्हणतो ती दर वेळी चूकच असते का?

‘ध’ चा ‘मा’ करणं हे तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्याचा ‘मारावे’ केला, असं दोनशे वर्षं सांगितलं जातंय. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. पण लोकांच्या तोंडी बसली ती अक्षर बदलणारी बाईच. मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध अक्षरचूक बाईच्या नावावर आहे, एवढं नुसतं नोंदवून पुढे जाऊ.

त्या काळी रोजचा व्यवहार मोडी लिपीत चाले. आधी आडवी रेघ मारायची आणि मग हात फारसा न उचलता भराभर लिहीत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. ‘शिला’ म्हणजे दगड की ‘शीला’ म्हणजे शेजारची बाई, हे वाचणाऱ्यानं मागचं-पुढचं बघून ओळखायचं. कारकून, सावकार, कुलकर्णी पत्र वाचत, त्यांना ते ओळखता येई. त्यामुळे वेलांटीवरून कुणाचं अडत नसे.

अडायला लागलं ते छापखाना आल्यावर. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. त्या तारखेला आपण आजही पत्रकार दिन पाळतो. (हा ‘दिन’ ऱ्हस्वच!) छापलेला कागद शेकडो अनोळखी हातांत जातो आणि त्या प्रत्येकाला मागचं-पुढचं माहीत नसतं. मग शब्द एकसारखा लिहायला हवा, अशी गरज पडली. मोल्सवर्थ यांचा कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळीही त्याच सुमारास मेजर कँडी यांच्या हातून मराठीत रुळली.

आता त्या छापखान्यात जरा डोकावू या, कारण चुकीचं मूळ तिथे आहे. अक्षरं शिशाची, त्यांना खिळे म्हणत. प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. खिळे जुळवणारा कामगार लाकडी खणांसमोर उभा राहून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ लावायचा. इंग्रजीचं काम मोजक्या खिळ्यांवर भागतं. आपल्याकडे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, उकार, रफार असे सगळे मिळून शेकड्यांनी खिळे लागत. वर बसवायचा अनुस्वार किंवा रफार म्हणजे बोटाच्या चिमटीत जेमतेम सापडणारा तुकडा. तो झिजायचा, मोडायचा, चुकीच्या खणात पडायचा. कंदिलाच्या उजेडात उभ्यानं हे काम करणाऱ्याकडून पानभर मजकुरात चार वेलांट्या चुकल्या, तर त्याला नावं ठेवायला जीभ वळत नाही.

म्हणून त्याच्या पाठीशी दुसरा माणूस असे, तो मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर. जुळवलेल्या मजकुराचा एक कच्चा छाप काढायचा, त्याला प्रूफ म्हणतात. मग दोघांनी बसायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची आणि चूक दिसेल तिथे कडेला खूण करायची. नाव आलं, की अक्षर फोडून सांगायचं: श ला दुसरी वेलांटी, ल ला काना. दुरुस्त्या झाल्या, की पुन्हा छाप, पुन्हा वाचन. पुस्तकात एवढं करूनही चूक राहिली, तर शेवटी शुद्धिपत्र जोडायचं. मुंबईच्या ‘निर्णयसागर’ छापखान्याचा आपल्या घरात पंचांगामुळे दबदबा. 1869 साली तो काढणारे जावजी दादाजी लहानपणी छापखान्यात खिळे घासायचं काम केलेले. पण छापील अक्षर निर्दोष असावं म्हणून त्यांनी शास्त्री-पंडित कामाला ठेवले आणि ‘निर्णयसागरची प्रत’ म्हणजे खात्रीची प्रत, असं नाव कमावलं. चूक टाळायची तर ते काम करायला वेगळा माणूस ठेवावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो, हे त्यांना समजलं होतं.

मात्र, मैत्रिणींनो, याच काळात शुद्ध-अशुद्धाची दुसरी एक गोष्ट घडत होती. जोतीराव फुले लोक बोलतात तशा मराठीत लिहीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवली. ‘निबंधमाला’ सुरू झाली 1874 साली, म्हणजे फुल्यांची ‘गुलामगिरी’ आल्यावर वर्षभरानं. चिपळूणकर मोठे लेखक, मराठी गद्याला त्यांनी वळण दिलं, हे मान्यच. पण शेतकऱ्याची आणि शूद्रातिशूद्रांची लूट कशी होते हे मांडणाऱ्या माणसाला व्याकरणावरून हिणवलं, की त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायची गरज उरत नाही. आम्हाला ही युक्ती ओळखीची वाटते. ग्रामसभेत बाई उभी राहून पाण्याबद्दल विचारते, आणि समोरचा तिच्या बोलण्याला हसतो. ते तसंच.

याच्या अगदी उलट उदाहरणही त्याच शतकातलं आहे. 1855 साली ‘ज्ञानोदय’नं फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज पावणेदोनशे वर्षांनीही वाचला जातो. आधी तुझ्या वेलांट्या तपासू, मग बघू, असं म्हणून तो परत पाठवला असता तर काय गेलं असतं, याचा विचार करा.

बरं, नियम तरी कायमचे असतात का? आजीच्या पेटीतलं जुनं मासिक काढून बघा. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’, ‘आम्हीं’, जिकडेतिकडे टिंबं. उच्चारात नसलेले ते अनुस्वार त्या वेळी शुद्ध होते. मराठी साहित्य महामंडळानं 14 नियम केले, राज्य सरकारनं ते 1962 साली स्वीकारले आणि ती टिंबं गेली. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला. 1972 साली आणखी 4 नियम आले, एकूण 18. म्हणजे 1961 साली शाळेत ज्या ‘नांव’ला पूर्ण गुण मिळत होते, त्याच ‘नांव’वर पुढे लाल रेघ आली. नियमांवर वादही झाले. भाषा संचालनालयात काम केलेल्या सत्त्वशीला सामंत यांनी ‘व्याकरणशुद्ध लेखनप्रणाली’ लिहून सरकारमान्य नियमांतल्या विसंगतींवर बोट ठेवलं. नियम मोडणाऱ्या बाईला सगळे टोकतात, इथे बाईनं नियमच तपासायला घेतले! आता काही अभ्यासक ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणतात. आम्हाला तो शब्द पटतो. सोवळ्या-ओवळ्याचा वास त्याला येत नाही.

मग पेपरातल्या चुका चालवून घ्यायच्या? मुळीच नाही. बाईनं आपल्या हातानं लिहिलेलं पत्र ही एक गोष्ट झाली आणि पैसे घेऊन छापलेला पेपर ही वेगळी. पत्र दुरुस्त करून छापणं हे पेपरचंच काम आहे.

तो प्रूफ वाचणारा माणूस गेला कसा, हे थोडक्यात सांगतो. शिशाचे खिळे गेले, संगणक आला. पानं पडद्यावर लागू लागली, आणि टंकलेखन, दुरुस्ती, मांडणी हे तिघा-चौघांचं काम एकाच खुर्चीवर आलं. पहिली कात्री मुद्रितशोधकावर चालली. आज गावचा वार्ताहर मोबाइलवर बोलून किंवा घाईनं टाइप करून बातमी पाठवतो, आणि रात्री पान सोडण्याच्या घाईत ती तशीच चिकटवली जाते. त्यात जुन्या फाँटमधला मजकूर नव्या युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं विस्कटतात. मराठीचा खास ‘ऱ्य’ तर हमखास मार खातो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांनी स्वयंपाक केला, हे ठीक. आचार्यांनी केला म्हटलं, तर गुरुजींना चुलीपुढे बसवलं!

यातल्या सगळ्या चुका सारख्या नाहीत. ‘पीक’चं ‘पिक’ झालं तर शब्दार्थानं कोकीळ झाला, पण शेतकऱ्याला बातमी कळते. ‘बाईंनी’वरचा अनुस्वार गेला, तर बाईंचा मान गेला, एवढं खरं. पण वारस दाखल्यासाठी जाहीर नोटीस द्यावी लागते, तेव्हा काय होतं? नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई आधीच कचेरीच्या पायऱ्या झिजवत असते. नोटिशीत तिच्या नावाची वेलांटी चुकली किंवा गट क्रमांकातला एक आकडा बदलला, की आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, पेपरात तिसरं. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, पुन्हा नोटीस द्या, पुन्हा पैसे भरा. चूक छापखान्यात होते आणि खेटे ती घालते. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या, माहेरचं नाव परत घेणाऱ्या, राजपत्रात नोंद करणाऱ्या बायकांनाही हे नवीन नाही. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आता आपल्या नावाची वेलांटी लेकरांच्याही कागदांवर जाणार.

तेव्हा पेपरात नोटीस किंवा निवेदन द्यायचं असेल, तर जुन्या छापखान्याची रीत वापरा. दोघी जणी बसा. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं द्यायच्या मजकुरावर बोट ठेवायचं. नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, म्हणून नावं अक्षर फोडून सांगा, पहिली वेलांटी की दुसरी, पहिला उकार की दुसरा. आकडे एकेक करून वाचा. छापण्याआधी प्रूफ दाखवा म्हणून मागा, आणि मजकुराची एक प्रत आपल्याजवळ ठेवा, म्हणजे चूक कुणाची हा वाद होणार नाही. तरीही चुकलंच, तर पेपरात बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं छापलेली असतात. ती कायद्यानं छापावीच लागतात. त्या संपादकांच्या नावानं लेखी पत्र द्या. तारीख, पान क्रमांक, काय छापलं, काय हवं होतं, एवढं पुरे. चूक लक्षात आली की ती ठळकपणे दुरुस्त करून छापावी, असं भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेतच आहे. आणि त्या पत्रात तुमची एखादी वेलांटी चुकली, तर त्यासाठी पत्र पाठवायचं थांबू नका.