फडणीस, शि. द.

फडणीस, शिवराम दत्तात्रेय (29 जुलै 1925) : ख्यातनाम मराठी हास्यचित्रकार. जन्म बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे. शालेय शिक्षण कोल्हापुरात, कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत. पुढे वास्तव्य पुण्यात. पत्नी शकुंतला फडणीस लेखिका.

त्यांचे पहिले व्यंगचित्र 1945 मध्ये ‘मनोहर’मध्ये छापून आले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये चित्रकथाकार ओसामू तेझुका यांची पहिली चित्रमालिका वृत्तपत्रात सुरू झाली. तेझुकांची लोकप्रियता वाढली ती क्रमशः चालणाऱ्या दीर्घ कथांवर आणि वाचकांना ओढ लावणाऱ्या नायकांवर. फडणिसांकडे यांतले काहीच नव्हते. नाव धारण करणारे कायमचे पात्र नाही, पुढचा भाग नाही आणि बहुतेक चित्रांखाली ओळही नाही. त्यांना व्यासपीठ मिळाले ते मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे.

अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ व ‘मोहिनी’ या मासिकांनी ही संधी दिली. 1950 च्या दशकाच्या आरंभीचे ‘मोहिनी’चे एक मुखपृष्ठ विशेष गाजले. त्यात तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी आहे, तर शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदरांची. पहिल्या नजरेला दिसतात ती दोन नीटनेटकी माणसे. हसू फुटते ते कापडाकडे लक्ष गेल्यावर. विनोद चेहऱ्याच्या वेडेवाकडेपणात न ठेवता वस्तूंच्या मांडणीत ठेवायचा, ही त्यांची रीत येथे पुरती दिसते. ठाम, स्वच्छ रेषा, सपाट प्रसन्न रंग आणि कोणालाही न बोचणारी कल्पना ही या शैलीची मुख्य लक्षणे. राजकीय व्यंगचित्रांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील चित्रे त्यांचीच. ‘हसरी गॅलरी’ हे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन 1965 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात भरले. ‘चित्रहास’ या कार्यक्रमातून हास्यचित्र रंगमंचावरही आले.

पाठ्यपुस्तके : बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणिसांनी काढलेली चित्रे हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरवर पोचलेला भाग मानावा लागेल. बालभारती हे राज्य पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले 1967 मध्ये. त्यानंतर बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याच्या जिल्हा परिषद शाळेतले पोर आणि पुण्यातले पोर एकाच पुस्तकातून आकडेमोड शिकू लागले. मासिक घ्यायचे तर पदरचे पैसे मोडावे लागतात. पाठ्यपुस्तक दप्तरात असतेच. वाचनालय नसलेल्या वाडीतही हास्यचित्रकाराची रेषा पोचली, ती या वाटेने. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाला पानावर थांबवून ठेवणे हे काम मुखपृष्ठाइतकेच अवघड आहे. तरीही फडणिसांच्या गौरवलेखांत मुखपृष्ठांची चर्चा अधिक होते.

ग्रंथ : ‘लाफिंग गॅलरी’, ‘मिस्किल गॅलरी’, ‘चिमुकली गॅलरी’ इत्यादी चित्रसंग्रह, ‘रेषाटन’ हे आत्मकथन.

सन्मान : बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सचा जीवनगौरव.

जुनी पाठ्यपुस्तके दरवर्षी रद्दीत जातात. ज्या शाळांच्या कपाटांत फडणिसांची चित्रे असलेली गणिताची पुस्तके अजून शिल्लक असतील, त्यांनी ती जपून ठेवावीत.