पूर्ण दिवसाचं काम, हातात मानधन

१९४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ संगणक जगापुढे आला. त्याला गणितं सोडवायला लावलं सहा बायांनी. नाव झालं यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचं.

आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं, खेड्यातल्या मुलीही संगणक शिकल्या. २०११ला ग्रामपंचायतीत संग्राम केंद्रं आली, २०१६पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं.

दाखला अडला, नेट गेलं, प्रिंटर रुसला, की आम्ही देऊळघाटच्या बाया संगणकावरच्या ताईलाच हाक मारतो. काम दिवसभराचं, नोकरी मात्र कंत्राटी, मानधनावर. म्हणून राज्यभरचे संगणक परिचालक किमान वेतन मागत आलेत.

येत्या ग्रामसभेत आम्ही यावर बोलणार आहोत. तुम्हीही तुमच्या गावात बोला.