कोच कोण होणार?

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की कोपरी सुरू होते. नऊ आणि दहा नंबरचे फलाट याच अंगाला आहेत आणि ट्रान्स हार्बरच्या गाड्या तिथूनच सुटतात. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. कोपरीतल्या माणसाला गाडी न बदलता मॅचला जाता येत होतं. २०१६ साली संघ अंधेरीच्या क्रीडासंकुलात गेला आणि वाट बदलली. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर. पुढे कोविडमुळे सगळी लीग गोव्यात बंद दाराआड गेली आणि नेमकं तेव्हाच, १३ मार्च २०२१ रोजी, मुंबईने मडगावात एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून पहिला करंडक जिंकला. बिपिन सिंगचा तो नव्वदाव्या मिनिटाचा गोल मुंबईकरांनी पाहिला तो घरच्या पडद्यावर. मैदानं अशी बदलत गेली, चाहत्यांच्या बोलण्यातला एक प्रश्न मात्र बदलला नाही: पुढचा कोच कोण? परदेशी आणायचा की आपला? नाव झालेला हवा की नवा, भुकेला? हा वाद मनापासून घातला जातो आणि तसा तो घातलाही पाहिजे. पण त्यामागचा इतिहास पाहिला तर वादाचं बोट चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं. संघाचं भलंबुरं कोचच्या नावावर किंवा पासपोर्टवर फारसं ठरलेलं नाही. ते ठरलं त्याला मिळालेल्या मुदतीवर, आणि तो गेल्यावरही मागे काय टिकून राहिलं यावर.

मुळात हा वाद मुंबईत फार जुना नाही. फुटबॉल मात्र जुना आहे. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. पहिली कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनी तो जिंकेपर्यंत एकाही भारतीय संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर कूपरेजवर जे संघ उभे राहिले ते कंपन्यांचे होते: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळायची, सकाळी सराव, मग कामावर हजेरी. कोचही बहुतेक वेळा त्याच पगारपत्रकावरचा, तिथेच खेळून निवृत्त झालेला माणूस. त्याची नेमणूक ही कंपनीची अंतर्गत बाब असे. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला तेव्हा कूपरेजच्या बाकांवर बसलेल्यांना संघातले खेळाडू नावानिशी ठाऊक असतील. पण त्यांचा कोच कोण असावा याबद्दल त्यांचं मत कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. संघ त्यांचा नव्हता. ते प्रेक्षक होते. या व्यवस्थेने खेळाडूंना म्हातारपणापर्यंतची शाश्वती दिली, हे तिचं मोठेपण. पण संघ बंद करायचाही अधिकार तिने कचेरीतच ठेवला. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघ गुंडाळला गेला. तिथे कोच कितीही चांगला असता तरी काय फरक पडला असता?

त्याच कूपरेजवर मुंबईने एका कोचचं काम सलग पाच वर्षं पाहिलं. १९५० ते १९५४ हे पाचही रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेले. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांची पद्धत शिक्षकाचीच होती: ते खेळाडूंना फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवत, आणि ड्रिबल करायला बंदी असलेले सामनेही. उजव्या पायाच्या माणसाला दोन तास डाव्यानेच चेंडू द्यायला लावलं की सुरुवातीला काय गोंधळ होत असेल याची कल्पना करून पाहावी. मग पास देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही मान वर करून बघायची सवय लागते. अशी सवय आठ-दहा आठवड्यांत लागत नाही. रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली, आणि मधे १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईचा खेळाडू. पहिल्या सुवर्णापासून दुसऱ्यापर्यंत अकरा वर्षं एकच माणूस त्या कामात गुंतलेला होता, हे आपण पुरेसं लक्षात घेत नाही.

कोचबद्दलचा जाहीर वाद पाहायचा तर कोलकात्याकडे वळावं लागतं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे सभासदांचे क्लब, कार्यकारिणी मतदानाने निवडली जाई, आणि म्हणून कोच हा घराघरातला विषय. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकवर फेडरेशन कपची उपांत्य लढत पाहायला सव्वा लाखाहून जास्त माणसं आली, ती जितकी खेळाडूंसाठी तितकीच अमल दत्त आणि पी. के. बॅनर्जी या दोन कोचमधली झुंज पाहायला. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं गाव एकच, कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते आणि कोच हा बहुधा त्याच तालमीत वाढलेला माजी खेळाडू असतो. संघ हरला तर त्याला संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचं असतं. मुंबई-ठाण्याला हे कधी मिळालं नाही. कोपरीच्या पोराला तालमीचा संघ नव्हता, सभासदत्वाचं कार्डही नव्हतं. म्हणून २०१४ साली निळा शर्ट घालून तो पहिल्यांदा ‘आमचा संघ’ म्हणाला तेव्हा कोचबद्दल बोलायचा हक्कही त्याने आपसूक घेतला, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

मुदतीचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र त्याच्या आधीचा आहे. २००७ साली मुंबई एफसी हा व्यावसायिक क्लब स्थापन झाला. इंग्रज कोच डेव्हिड बूथ यांच्यानंतर २००९ साली खालिद जमील यांच्याकडे सूत्रं आली आणि सात वर्षं राहिली. तुटपुंज्या खर्चात, कधी कूपरेज तर कधी पुण्याचं बालेवाडी अशा फिरतीवर, त्यांनी संघ आय-लीगमध्ये टिकवला. करंडक मिळाला नाही. लांब चेंडू मारायचा, मागे भिंत उभी करायची, हा खेळ पाहणाऱ्यांना कंटाळवाणा वाटे आणि तशी टीका सतत होई. २०१६ साली ते गेले. पुढच्याच मोसमात मुंबई एफसीने आधी संतोष काश्यप, मग ऑस्कर ब्रुझोन असे दोन कोच केले, संघ गुणतक्त्याच्या तळाला गेला, लीगमधून खाली घसरला आणि त्यानंतर उभाच राहिला नाही. आणि त्याच २०१६-१७च्या मोसमात खालिद जमील यांनी मिझोरमचा ऐझॉल एफसी आय-लीगचा विजेता करून दाखवला. आदल्या वर्षी हाच ऐझॉल खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेतलं गेलं होतं. एका कोचला काढल्याने एक संघ बुडाला, असं सरळ गणित मी मांडत नाही. पैसा आटला होता, स्पर्धाही बदलली होती. पण सात वर्षं ज्याला ‘नको हा’ म्हटलं त्याच्या कामाचं मोल तो गेल्यावर एका मोसमात समजलं, एवढं तरी त्यातून निघतं.

मुंबई सिटीची पहिली वर्षं याची उलट बाजू दाखवतात. पहिले मोसम दोन-अडीच महिन्यांचे होते, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यासाठी पीटर रीड आले, मग निकोला अनेल्का स्वतः खेळाडू आणि कोच. नावं मोठी, चाहते हरखले, संघ आधी सातवा आणि मग सहावा. कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत नेणाऱ्या अलेक्झांद्रे गिमरायश यांनी २०१६ साली साखळीत पहिला क्रमांक मिळवून दिला, पण उपांत्य फेरीत गाडी अडली. मग जोर्जे कोस्टा. ९ मार्च २०१९ला अंधेरीत गोव्याविरुद्ध उपांत्य सामन्यात मुंबईने पहिला गोल केला आणि सामना १-५ असा गमावला. त्या रात्री गोव्याच्या बाकावर सर्जिओ लोबेरा होते.

इथे माझ्या म्हणण्यावर खरा आक्षेप येतो. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या पाच वर्षांत तीन कोच झाले: लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रात्की. लोबेरा एकच मोसम टिकले आणि साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल व करंडक दोन्ही घेऊन गेले. बकिंगहॅम यांनी २०२२-२३ची ढाल मिळवली, त्याआधी २०२२च्या एप्रिलमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजयही. क्रात्की मोसमाच्या मध्यात आले आणि ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून करंडक घेतला. मग मुदतीचं काय? उत्तर खुर्चीच्या मागे आहे. लोबेरा एकटे आले नाहीत. गोव्यात त्यांनी घडवलेले जाहू, फाल, बूमू आणि मंदार राव देसाई त्यांच्यासोबत आले, म्हणजे गोव्यातली सगळी मेहनत मुंबईला तयार मिळाली. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीत सहायक होते. खेळायची रीत तीच, निवडीचे निकष तेच. २०२१च्या अंतिम सामन्यात गोल करणारा बिपिन सिंग २०२४च्या अंतिम सामन्यातही गोल करतो, दोन वेगळ्या कोचच्या हाताखाली. माणूस बदलला, विचार बदलला नाही. रहीम यांच्या बाबतीत नेमकं उलट झालं: विचार त्या एका माणसातच होता. १९६३ साली कर्करोगाने ते गेले आणि १९६२च्या त्या विजयानंतर भारताला आशियाई सुवर्ण पुन्हा दिसलं नाही.

‘आपला की परका’ या प्रश्नावर राष्ट्रीय संघाचा अनुभव दोन्ही बाजूंना गप्प करतो. बॉब हॉटन इंग्रज, पाच वर्षं राहिले आणि २०११च्या आशियाई चषकात भारताला नेलं. स्टीफन कॉन्स्टन्टाइन २०१५ साली परत आले तेव्हा भारत क्रमवारीत १७०च्याही खाली होता, २०१७ साली ९६वा झाला. मानोलो मार्केझ एक वर्ष राहिले, सुरुवातीला एफसी गोवाचं काम सांभाळत, आणि आठ सामन्यांत एक विजय घेऊन गेले. मग १७० अर्ज आले, तीन नावं निवडली गेली आणि १ ऑगस्ट २०२५ला खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबईच्या जुन्या चाहत्यांना याचा आनंद होणं साहजिक होतं. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही सिंगापूरने २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. आपला माणूस बसवला म्हणून अडीच महिन्यांत संघ सुधारत नाही. अडीच महिन्यांच्या निकालावर त्याला नालायक ठरवणंही तितकंच चूक.

चाहत्यांना यातलं काय कळतं, पैसे मालकाचे, डोकं जाणकारांचं, असंही म्हटलं जातं. यातला काही भाग मला मान्य आहे. कोलकात्यात सभासदांचं मतदान असूनही कोच बदलायची घाई कमी नव्हती; मत मिळालं म्हणून धीर येतोच असं नाही. पण जाणकारांचा हिशेबही तपासावा. एफसी गोवाने साखळीतले तीन सामने बाकी असताना लोबेरांना काढलं आणि त्याच वर्षी त्यांच्याच खेळाडूंसह ते मुंबईला विजेते करायला निघाले. शिवाय मालक, संचालक, कोच सगळे येतात-जातात. २०१४पासून सातही कोच पाहिलेला माणूस कट्ट्यावर आणि गाडीतच सापडतो. त्याच्याकडे तंत्राचं ज्ञान नसेल, तुलना करायला दहा-बारा वर्षांची आठवण आहे, आणि ती दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असते.

डिसेंबर २०२५मध्ये सिटी ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं आणि क्लब पुन्हा इथल्या मालकांच्या हाती आला. म्हणजे यापुढचा कोच मेलबर्नहून तयार होऊन येणार नाही. तो इथे बसून निवडावा लागेल. ते नाव जाहीर होईल तेव्हा ते स्पॅनिश आहे की मराठी, याच्या आधी विचारायच्या गोष्टी आहेत. करार किती मोसमांचा? पहिले सहा सामने हरले तरी तो पाळणार का? खेळाडू निवडायचा अधिकार कोणाचा? त्याच्या शेजारी बसणारा भारतीय सहायक तो गेल्यावरही राहणार का? आणि अंधेरीच्या मैदानावर सकाळी सराव करणाऱ्या मुलांना तीच रीत शिकवली जाते आहे का, जी संध्याकाळी मोठा संघ खेळतो?