ताळा

बाबा बँकेत होते. दिवसाअखेर ताळा जमला नाही की त्यांना घरी यायला रात्रीचे दहा वाजत. "चूक आहे हे पाच मिनिटांत कळतं रे, कुठे आहे ते शोधण्यात रात्र जाते," म्हणायचे. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येचा इतिहास वाचताना मला तेच आठवत होतं.

ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये अशा संख्यांची एक यादी छापली आणि हिला मूळ संख्या म्हणून टाकलं. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जाणार नाही. त्यानंतर तब्बल २३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, एदुआर ल्युकाने दाखवून दिलं की ही मूळ नाही. गंमत म्हणजे तिला कशाने भाग जातो हे त्यालाही माहीत नव्हतं! त्याची कसोटी अवयव न शोधताच निकाल देते. चूक आहे हे कळलं, कुठे ते नाही.

त्या 'कुठे'ला आणखी २७ वर्षं लागली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. एरिक टेम्पल बेल सांगतो की कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला घात, दुसऱ्या बाजूला गुणाकार, दोन्ही उत्तरं सारखी, आणि टाळ्या. किती वेळ लागला? तर म्हणे, तीन वर्षांचे रविवार. बेलला गोष्टींना तिखटमीठ लावायची सवय होती, तेव्हा रविवारांचं काही सांगता येत नाही.

पण कष्ट खरेच. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो. अशा संख्या ओळीने तपासत गेलं, तर कोल यांचा लहान अवयव येतो १४,४५,५८० व्या क्रमांकावर! त्यांनी इतर युक्त्यांनी बरीच चाळण लावली, तरी सगळं हातानेच. आज कॉम्प्युटर हे क्षणात करतो.

मागच्या रविवारी मी चौकटीच्या वहीत तो गुणाकार करून पाहिला. आठ ओळी, त्यात ७ ची ओळ तीनदा तीच. उत्तर आलं, पण चुकीचं. बाबांची पद्धत आठवली: अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचं. दोन्ही अवयवांचा १ येतो, म्हणजे उत्तराचाही १ हवा. माझा ९ आला.

चूक आहे हे पाच मिनिटांत कळलं. विसरलेला हातचा सापडेपर्यंत जेवणं उरकली होती.